विलेपार्ल्यात घर घेताय? रजिस्ट्रेशनची तारीख ठरवण्याआधी हे पाहा

घर पसंत पडलं, भाव ठरला, टोकन दिलं, पैशांची जुळवाजुळव झाली. आता रजिस्ट्रेशनची तारीख ठरली की काम झालंच, असं घरात सगळ्यांना वाटतं. मग त्या दिवशी सगळे मिळून सहदुय्यम निबंधक कार्यालयात जातात आणि टेबलापाशी पोचल्यावर कळतं की विकणाऱ्याच्या बहिणीची सही नाही. किंवा भाईजाननी दुबईहून पाठवलेलं मुखत्यारपत्र चालत नाही. किंवा अम्मीचं नाव आधारवर एक आहे आणि पॅनवर दुसरंच. तारीख जाते, एजंट कुरकुरतो, विकणारा पुन्हा भावाची गोष्ट काढतो.

खरं तर कार्यालयातलं काम मोठं नाही. फोटो, अंगठा, सही, स्कॅनिंग. अडतं ते आधीच्या महिन्याभरात न केलेल्या गोष्टींमुळे. आणि आपल्या कुटुंबांत अडणाऱ्या गोष्टी थोड्या वेगळ्या असतात: वारसांच्या सह्या, परदेशातला भाऊ, नावांची स्पेलिंग, नातेवाइकांकडून आलेले पैसे. म्हणून नेहमीची माहिती थोडक्यात सांगून आम्ही याच गोष्टींवर जास्त लिहितो आहोत. उदाहरण विलेपार्ल्याचं घेतलं आहे, पण अंधेरी, सांताक्रूझ, जोगेश्वरी इथेही गोष्ट तीच.

आधी एक घोळ दूर करू. 'घर आपलं झालं' तो दिवस नेमका कोणता? मुंबईत जुना फ्लॅट विकत घेताना बहुतेक वेळा आधी विक्रीचा करारनामा, म्हणजे ॲग्रीमेंट, पूर्ण मुद्रांक शुल्क भरून रजिस्टर होतो. त्या दिवशी सगळे पैसे दिलेले असतातच असं नाही. बँकेचं कर्ज असेल तर बँक रजिस्टर झालेला करार पाहून उरलेली रक्कम सोडते, आणि मग चावी मिळते. म्हणजे रजिस्ट्रेशन आणि ताबा यांत काही दिवसांचं, कधी काही आठवड्यांचं अंतर पडतं. या मधल्या दिवसांचा मेंटेनन्स कोण भरणार, बँकेने उशीर केला तर किती मुदत, विकणाऱ्याने ताबा दिला नाही तर काय, हे करारात लिहिलेलं असायला हवं. तोंडी 'हो, हो, बघू' कामाला येत नाही.

विकणारा एकटा मालक आहे का?

सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नाला द्या. विलेपार्ल्यात कितीतरी सोसायट्या चाळीस-पन्नास वर्षांच्या आहेत. ज्यांनी तिथे पहिल्यांदा घर घेतलं, त्यांतले बरेच आता हयात नाहीत. शेअर सर्टिफिकेटवर मुलाचं नाव चढलेलं दिसतं आणि आपण समजतो, हाच मालक. पण ते नाव नॉमिनी म्हणून चढलेलं असू शकतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीला कोणाशी व्यवहार करायचा ते कळावं म्हणून दिलेलं ते नाव आहे. मालकी वारसांची राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली इंद्राणी वाही यांच्या खटल्यात सोसायटीने नॉमिनीच्या नावावर शेअर करून द्यावेत असं सांगितलं, पण घरातल्या इतर वारसांना आपला हक्क न्यायालयात मागायची वाट मोकळी ठेवली. सहकारी संस्था कायद्यातही आता नॉमिनीला 'तात्पुरता सदस्य' म्हटलं आहे.

हिशेब करून पाहू. वालिद वारले, मागे बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी. सुन्नी कुटुंब, आजी-आजोबा आधीच गेलेले. फ्लॅटचे ४० भाग केले तर आईचा आठवा हिस्सा म्हणजे ५ भाग. उरलेल्या ३५ भागांत प्रत्येक मुलाला १४ आणि मुलीला ७. आता थोरला मुलगा एकटाच 'माझ्या नावावर आहे' म्हणून फ्लॅट विकत असेल, तर तो तुम्हाला ४० पैकी १४ भागच देऊ शकतो. बाकी २६ भागांचे पैसे तुम्ही दिलेत, पण ते विकत घेतले नाहीत. वालिदांची आई हयात असेल तर तिचाही सहावा हिस्सा निघतो आणि गणित बदलतं. शिया कुटुंबांत वाटणीचे नियम वेगळे, तिथे त्या नियमांच्या जाणकाराला विचारा.

'बहिणीला लग्नात सगळं दिलं, तिचा आता काही नाही' हे वाक्य विकणाऱ्याकडून हमखास ऐकू येतं. लग्नात दिल्याने वारसाहक्क संपत नाही, शरियतमध्येही नाही आणि न्यायालयातही नाही. बहीण खुशीने हिस्सा सोडत असेल तर तिने रजिस्टर्ड हक्कसोडपत्र करून द्यावं, किंवा तुमच्या करारातच सगळ्या वारसांनी 'लिहून देणार' म्हणून सही करावी. आम्हाला दुसरा मार्ग जास्त बरा वाटतो. कागद एक, दिवस एक, आणि बहिणीच्या हिश्श्याचे पैसे थेट तिच्या खात्यात. एखादी मुलगी वालिदांच्या नंतर वारली असेल तर तिच्या जागी तिचा नवरा आणि मुलं येतात, हेही विसरू नका.

वसीयत दाखवली जाते तेव्हा लक्षात ठेवा, की मुसलमानाला कर्ज वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरतीच वसीयत करता येते, आणि वारसाच्याच नावे केली असेल तर बाकी वारसांची संमती लागते. पूर्ण फ्लॅट वसीयतीने एका मुलाला मिळाला, असं सांगणाऱ्याकडे बाकीच्यांची संमती लेखी मागा.

हिब्याची गोष्ट जरा नाजूक आहे. 'अब्बांनी हयातीतच मला हिबा केला' असं विकणारा सांगतो आणि हातात साधा कागद असतो, कधी तोही नसतो. आपल्या कायद्यात तोंडी हिबा चालतो: देणाऱ्याने जाहीर केलं, घेणाऱ्याने स्वीकारलं, ताबा दिला, की झाला. हफीजा बीबी विरुद्ध शेख फरीद या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा हिबा नंतर कागदावर लिहून ठेवला म्हणून तो रजिस्टर करायलाच हवा असं नाही. पण हा झाला घरातल्या दोघांमधला प्रश्न. तुम्ही तिसरे आहात आणि कोटीभर रुपये मोजताय. उद्या दुसऱ्या भावाने 'ताबा दिलाच नव्हता, अब्बा शेवटपर्यंत तिथेच राहत होते' म्हटलं तर साक्षीपुरावे गोळा करत न्यायालयात तुम्हालाच फिरावं लागेल. बँकही असा फ्लॅट तारण घ्यायला कचरते. त्यामुळे हिबा असला तरी बाकी वारसांच्या संमतीच्या सह्या करारावर घ्याच.

आणि लहान मुलं. नवरा वारला, मागे बायको आणि दोन अल्पवयीन मुलं, घर विकून ती माहेरी जाणार आहे. तिच्याबद्दल कोणालाही हमदर्दी वाटेल. पण मुलांच्या हिश्श्यावर आई सही करू शकत नाही. मुस्लिम कायद्यात अल्पवयीन मुलाच्या मालमत्तेचा पालक वडील, त्यानंतर दादा, किंवा या दोघांनी वसीयतीने नेमलेली व्यक्ती. आई ताबा सांभाळते, संगोपन करते, पण मालमत्ता विकायचा अधिकार तिला आपोआप मिळत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९१८ साली इमामबंदी विरुद्ध मुत्सद्दी या खटल्यात हेच ठरवलं, आणि आजही वकील हाच निकाल दाखवतात. अशा वेळी पालक व पाल्य कायदा, १८९० खाली जिल्हा किंवा उच्च न्यायालयाची परवानगी लागते. तिला वेळ लागतो. तो वेळ धरूनच व्यवहार करा. परवानगीशिवाय घेतलेलं घर मूल मोठं झाल्यावर तुमच्या दारात उभं राहू शकतं.

वकील टायटल सर्च करतो, साधारण तीस वर्षांचा. त्याशिवाय नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर तुम्ही स्वतःही शोधू शकता: जिल्हा मुंबई उपनगर, तालुका अंधेरी, गाव विलेपार्ले, आणि सीटीएस नंबर. त्या जमिनीवर झालेले दस्त सूची क्रमांक २ मध्ये दिसतात. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला वकिलाला सांगा. विकणारे मुस्लिम असतील तर मराठी-इंग्रजीबरोबर एखाद्या उर्दू दैनिकातही द्या. घरातल्या ज्या फुफूला कोणी काही सांगितलेलं नसतं, तिच्यापर्यंत बातमी त्यातूनच पोचते.

सोसायटी

विलेपार्ले विमानतळाला लागून आहे. त्यामुळे इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहेत आणि अनेक जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास त्यामुळे रखडलेला आहे. फ्लॅट घेताना सोसायटीने पुनर्विकासाचा ठराव केला आहे का, बिल्डरबरोबर करार झाला आहे का, विकणाऱ्याने संमतीपत्र दिलंय का, हे विचारा. झालं असेल तर नव्या इमारतीतली जागा, मधल्या काळाचं भाडं आणि कॉर्पसची रक्कम तुमची की त्याची, हे करारात स्पष्ट लिहून घ्या. याच मुद्द्यावर नंतर भांडणं होतात.

आता तो प्रश्न, जो आपल्याकडे हळू आवाजात विचारला जातो: सोसायटीने एनओसी दिलीच नाही तर? कमिटीतला कोणी 'आमच्याकडे असं चालत नाही' म्हणतो आणि विकणारा घाबरतो. आदर्श उपविधींनुसार फ्लॅट हस्तांतरित करायला सोसायटीची एनओसी लागतच नाही. विकणारा किंवा घेणारा मागत असेल, उदाहरणार्थ बँकेसाठी, तर अर्ज करायचा. सहकारी संस्था कायद्यात सदस्यत्व खुलं ठेवायचं तत्त्व आहे. पुरेशा कारणाशिवाय सोसायटी सदस्यत्व नाकारू शकत नाही, आणि 'हे मुसलमान आहेत' हे ते कारण नव्हे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला आपल्या समाजापुरतं सदस्यत्व ठेवायची मुभा दिली होती हे खरं, पण तिथे तसा नोंदलेला उपविधी होता. कमिटीतल्या कोणाच्या मर्जीला तो निकाल लागू होत नाही.

म्हणून सदस्यत्वाचा अर्ज तोंडी नको. लेखी द्या, पोच घ्या, पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. तीन महिन्यांत सोसायटीने काहीच कळवलं नाही तर कायद्याने तुम्ही सदस्य झालात असं धरलं जातं, आणि त्यावर उपनिबंधकाकडून शिक्कामोर्तब करून घेता येतं. नकार आला तर कारणासकट लेखी यायला हवा. त्यावर उपनिबंधकाकडे अपील करता येतं. महापालिका हद्दीत हस्तांतरणाचं प्रीमियम २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, शासनाचं तसं परिपत्रक २००१ पासून आहे. 'डोनेशन', 'इमारत निधी' अशा नावाने वर काही मागत असतील तर पावती मागा. पावती म्हटलं की बरेचदा मागणीच आटते.

विकणाऱ्याकडून सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, मालमत्ता कराची पावती, विजेचं शेवटचं बिल आणि मूळ शेअर सर्टिफिकेट घ्या. बिल्डरपासून आजपर्यंतचे सगळे मूळ करार एकामागे एक लावून पाहा. १० डिसेंबर १९८५ नंतरच्या करारांवर पूर्ण मुद्रांक भरलेला आहे का, हे वकिलाला खास तपासायला सांगा. मधला एखादा करार हरवला असेल तर पोलिसांत तक्रार आणि जाहीर नोटीस विकणाऱ्याने द्यायची, तुम्ही नव्हे. झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर असेल तर ते ठरावीक वर्षं विकताच येत नाही आणि नंतरही प्राधिकरणाची परवानगी लागते. 'मुखत्यारपत्रावर घ्या, नंतर नावावर करू' असं कोणी म्हणालं तर तिथूनच उठा.

मुखत्यारपत्रावरून एकूणच सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलं की मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही. ते फक्त दुसऱ्याच्या वतीने सही करायचा अधिकार देतं. तेवढ्यापुरतं ते उपयोगाचं आहे, आणि ज्यांचा भाऊ-बहीण, नवरा आखातात आहे त्यांना ते लागतंच. त्यासाठी व्हॉट्सॲपवर पाठवलेला सही केलेला कागद चालत नाही. तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करायची, साक्षांकन घ्यायचं आणि मूळ कागद इकडे पाठवायचा. तो महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक भरून घ्यायचा. फ्लॅटचा नंबर, इमारत, सीटीएस नंबर, 'विकण्याचा / विकत घेण्याचा आणि दस्त नोंदणीस हजर राहण्याचा अधिकार' हे शब्द त्यात असायला हवेत. 'माझी सगळी कामं बघेल' एवढ्यावर भागत नाही. नोंदणीच्या दिवशी मुखत्याराला आणखी एक घोषणापत्र द्यावं लागतं, की मुखत्यारपत्र देणारा हयात आहे आणि त्याने ते रद्द केलेलं नाही. देणारा वारला की मुखत्यारपत्रही संपतं.

सुट्टीवर आलेल्या भावाची तिकिटं पाहून आधीच सही उरकता येते. करारावर सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला सादर करता येतो. पुढचे चार महिने दंड भरून. मात्र सही करण्याआधी, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी मुद्रांक भरलेला असायला हवा. आणि पुढे नोंदणीला हजर राहायला त्याच्या वतीने मुखत्यार लागेलच.

एक अक्षर इकडचं तिकडे

मोहम्मद, मोहम्मेद, मुहम्मद, 'मो.' आणि 'एमडी'. एकाच माणसाची ही पाच नावं पाच कागदांवर असतात. शेखचा 'शैख', कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे वडिलांचं नावच आडनाव झालेलं. लग्नानंतर पॅनवर माहेरचं आणि आधारवर सासरचं. आपल्याला यात काही वाटत नाही, कॉम्प्युटरला वाटतं.

नोंदणीआधी दस्ताची माहिती विभागाच्या वेबसाइटवर भरावी लागते आणि ती मराठीत भरली जाते. म्हणजे इंग्रजी स्पेलिंगचं देवनागरी करताना आणखी एक संधी चुकायला. जैनब की झैनब, तय्यब की तैयब, परकार की पारकर (ही दोन वेगळी आडनावं आहेत, टायपिस्टला ते ठाऊक नसतं). हे काम एजंटचा मुलगा रात्री अकरा वाजता उरकतो. त्याच्याकडून प्रिंट मागून घ्या आणि घरातल्या ज्याला मराठी चांगलं वाचता येतं त्याला प्रत्येक नाव, पॅन नंबर, फ्लॅटचा नंबर, चौरस फूट-चौरस मीटर तपासायला बसवा. नोंदणीनंतर चूक सापडली तर चूक दुरुस्तीपत्र करावं लागतं आणि त्यासाठी विकणाऱ्याला पुन्हा सहीला बोलवावं लागतं. पैसे हातात पडलेला माणूस किती उत्साहाने येतो, ते सांगायला नको.

कागदांवरची नावं जुळत नसतील तर दोन महिने आधी आधार किंवा पॅन दुरुस्त करा. तेवढा वेळ नसेल तर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करा आणि करारात दोन्ही नावं 'ऊर्फ' लावून लिहा. विकणाऱ्याचा पॅन आधारला जोडलेला आहे का, हे मात्र आत्ताच विचारा. पॅन निष्क्रिय असेल तर १ टक्क्याऐवजी २० टक्के टीडीएस कापावा लागतो. तुम्ही १ टक्काच कापलात तर उरलेल्याची नोटीस तुम्हाला येते, त्याला नाही.

पैसे: किती, कोणाच्या नावावर, कुठून

दीड कोटीचा फ्लॅट धरू. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रोचा अधिभार धरून ६ टक्के, म्हणजे ९ लाख. नोंदणी शुल्क ३० लाखांवरच्या घराला सरसकट ३०,००० रुपये. पानांप्रमाणे हाताळणी शुल्क वेगळं. हे सगळं किमतीच्या वर आहे. टीडीएस मात्र किमतीतूनच कापायचा असतो: घर ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का, म्हणजे इथे दीड लाख. विकणाऱ्याला १ कोटी ४८ लाख ५० हजार द्यायचे आणि दीड लाख त्याच्या नावाने सरकारला भरायचे. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर मात्र हा १ टक्क्याचा नियम लागू नाही. तिथे दर बराच जास्त असतो आणि आधी सीएला विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

शुल्क तुमच्या किमतीवर नव्हे, तर तुमची किंमत आणि सरकारी बाजारमूल्य (रेडी रेकनर) यांतलं जे जास्त त्यावर लागतं. तोच फ्लॅट रेडी रेकनरप्रमाणे १ कोटी ७० लाखांचा निघाला तर शुल्क १० लाख २० हजार. एवढ्यावर थांबत नाही. बाजारमूल्य ठरलेल्या किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक वर गेलं की फरकाची पूर्ण रक्कम, इथे २० लाख, घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागतो. टीडीएसही मग १ कोटी ७० लाखांवर. 'थोडं व्हाइट, थोडं ब्लॅक' म्हणून कागदावर किंमत कमी दाखवायला सांगणारे हे सांगत नाहीत. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतल्यास तेवढाच दंड आहे. आणि उद्या व्यवहार फिसकटला तर रोख दिलेले पैसे परत मागायला तुमच्याकडे कागद काय?

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, १ एप्रिल २०२१ पासून. आपल्या उदाहरणात दीड लाख वाचतात. पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही अशी अट आधी होती, ती २०२३ मध्ये काढली. पण नवऱ्याचं नाव सोबत घातलं की सूट गेली. एवढ्यासाठी बायकोचं नाव घालणाऱ्यांना आम्ही एकच सांगू: मग ते घर तिचंच आहे. मागाहून 'पैसे माझे होते' हा वाद घालू नये. मेहर बाकी असेल आणि त्याबदल्यात घर देत असाल तर तेही लिहून ठेवा.

व्याजाचं कर्ज नको म्हणून बरीच कुटुंबं नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना घेऊन घर उभं करतात. चांगली गोष्ट आहे, पण तेही बँकेतून यायला हवं. नातेवाइकाकडून २०,००० किंवा जास्त कर्ज रोखीत घेणं हाही आयकर कायद्याचा भंग आहे, मामू असो की सासरे. चेक किंवा ऑनलाइन घ्या, आणि किती, केव्हा परत, हे दोन साक्षीदारांसमोर लिहा. कर्ज लिहून ठेवण्याबद्दलची सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. लिहून मागण्यात भाऊबंदकीचा अपमान नाही. पैसे परत द्यायचेच नसतील, वालिद किंवा भाऊ भेट म्हणून देत असेल, तर जवळच्या नात्यातल्या भेटीवर कर नाही, पण भेटीचं साधं पत्र फाइलला लावा.

त्या दिवशी

मुद्रांक आणि नोंदणी शुल्क आधी ऑनलाइन भरून चलन काढलेलं असतं. चलनावर घेणाऱ्याचं नाव बरोबर आहे ना, पाहा. वेळ ऑनलाइन राखून ठेवता येते. शुक्रवारी दुपारची घेऊ नका, लांबलं तर जुमा चुकते आणि साक्षीदारही अस्वस्थ होतात. विलेपार्ल्याच्या घराची नोंदणी अंधेरीतच व्हायला हवी असं नाही. मुंबई उपनगरातल्या दुसऱ्या कार्यालयात गर्दी कमी असेल तर तिथेही होते.

सगळ्यांची मूळ ओळखपत्रं, पॅन, त्यांच्या प्रती, आणि दोन साक्षीदार. साक्षीदार दोन्ही बाजूंना ओळखणारे, सज्ञान आणि स्वतःचं ओळखपत्र घेऊन आलेले हवेत. आयत्या वेळी बाहेरचा कोणी पकडून आणू नका. फोटोसाठी चेहरा उघडा लागतो. नकाब घालणाऱ्या बायकांनी आधी सांगितलं तर बाजूला उभं राहून पटकन उरकता येतं. घरात लग्न असेल आणि बोटांवर गडद मेंदी असेल तर मशीन कधी कधी ठसा घेत नाही, तेव्हा तारीख मेंदीच्या आधीची ठेवा. आजारी, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना उचलून आणायची गरज नसते. कारण देऊन अर्ज केला आणि शुल्क भरलं तर निबंधक घरी येऊन सही घेऊ शकतात.

पे ऑर्डर विकणाऱ्याच्या हातात द्यायची ती त्याने निबंधकासमोर कबुली देऊन सही केल्यावर. आधी झेरॉक्स आणि नंबर करारात, मूळ कागद तुमच्या पाकिटात. यात अविश्वास नाही, रीत आहे. आरटीजीएस करणार असाल तर मोठ्या रकमेची मर्यादा आदल्या दिवशी बँकेत वाढवून घ्या, नाहीतर टेबलापाशी उभं राहून ॲप 'लिमिट संपली' म्हणतं.

दस्त स्कॅन होऊन हातात आला की तिथेच बसून गोषवारा आणि सूची क्रमांक २ वाचा. मग टीडीएस: पैसे दिले तो महिना संपल्यापासून तीस दिवसांत भरायचा आणि प्रमाणपत्र विकणाऱ्याला द्यायचं. सोसायटीला सदस्यत्वाचा अर्ज, प्रवेश शुल्क १०० रुपये आणि हस्तांतरण शुल्क ५०० रुपये. महापालिकेच्या विभाग कार्यालयात मालमत्ता कराच्या बिलावर नाव, वीज आणि गॅस कंपनीकडे अर्ज. ताब्याच्या दिवशी विकणाऱ्यासोबत मीटरजवळ उभं राहून रीडिंगचा फोटो काढा, ताबा पावतीवर तारीख घालून दोघांच्या सह्या घ्या, आणि चावी मिळाली की त्याच संध्याकाळी कुलूप बदला.